मालाची खूण आणि डब्याची खूण : वेब-अनुप्रयोगातील विनंतिविशिष्ट अवस्थेचा विचार

सोलापूरनजीकच्या होटगी जंक्शनावर पूर्वी दोन मापांचे लोहमार्ग एकत्र येत. मुंबई-मद्रास मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर रुंदीचा. तर सदर्न मराठा रेल्वेचा, १८८४ साली वाहतुकीस खुला झालेला होटगी-गदग मार्ग मीटरगेज, म्हणजे १००० मिलिमीटरचा. एका मार्गावरील डबा दुसऱ्यावर जाऊ शकत नसल्यामुळे विजापूर-गदगकडील माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. पुढे हा मार्गही ब्रॉडगेज झाला व ती अडचण संपली. परंतु तिच्यातून ध्यानी येणारे तत्त्व आजही उपयोगी आहे. माल कोणाचा व कोठे जावयाचा ही खूण गाठोड्यावरच असली, तर डबा बदलल्याने काही बिघडत नाही. तीच खूण केवळ डब्यावर खडूने लिहिली, तर दोन प्रमाद संभवतात. माल पुढे जातो आणि खूण मागे राहते, हा पहिला. रिकाम्या झालेल्या डब्यात नवा माल भरला जातो व त्याला जुन्या मालकाचे नाव चिकटते, हा दुसरा. वेब-अनुप्रयोगांत नेमके हेच दोन प्रमाद घडतात.

समजा, होटगीचा एक विद्यार्थी आणि अक्कलकोटची एक विद्यार्थिनी एकाच क्षणी आपापला परीक्षानिकाल संगणकावर पाहू लागतात. प्रत्येकाची विनंती सर्व्हरकडे पोहोचते. विचारणारा कोण, त्याने मराठी निवडली की कन्नड, त्याच्यासाठी माहितीसाठ्याशी कोणता व्यवहार चालू आहे, एवढी माहिती उत्तर सिद्ध होईपर्यंत जवळ ठेवावी लागते. हिलाच विनंतिविशिष्ट अवस्था म्हणावयाचे. ती विनंतीबरोबर जन्मास यावी आणि विनंतीबरोबरच नाहीशी व्हावी, ही तिची मुख्य अट होय.

ती ठेवावयाची कोठे? सर्वांत सोपा, पण सर्वांत घातक उपाय म्हणजे संपूर्ण कार्यक्रमास सामाईक असे एकच चल. विद्यार्थ्याचे नाव त्यात लिहिले गेले, माहितीसाठ्याकडून उत्तर येण्यास थोडा विलंब लागला, तेवढ्यात विद्यार्थिनीचे नाव त्यावर लिहिले गेले. आणि मग विद्यार्थ्याच्या हाती तिचा निकाल पडला. एका वेळी एकच काम करणाऱ्या सर्व्हरातही हे घडू शकते, कारण एक विनंती वाट पाहत थांबली की तो दुसरी हाती घेतो. याउलट सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे ही माहिती प्रत्येक कार्यास उघडपणे हाती देणे. गो या भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात २०१६ साली आलेली ‘कॉन्टेक्स्ट’ची प्रथा हीच आहे. मात्र दहा पायऱ्या खाली असलेल्या कार्यासाठी मधल्या नऊ कार्यांना ते ओझे वाहावे लागते.

म्हणून अनेक फ्रेमवर्कांनी तिसरा मार्ग पत्करला. पायथन भाषेतील ‘फ्लास्क’ या फ्रेमवर्कात (२०१०) ‘रिक्वेस्ट’ हे नाव कोठूनही घेता येते आणि त्याचा अर्थ ‘या क्षणी चालू असलेली विनंती’ असा होतो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास हा प्रकार अपरिचित नाही. ‘मी’, ‘येथे’, ‘आता’ या शब्दांचे रूप स्थिर, पण निर्देश उच्चाराच्या प्रसंगानुसार पालटणारा. येस्पर्सेन यांनी १९२२ साली व याकोबसन यांनी १९५७ साली अशा शब्दांना ‘शिफ्टर’ म्हटले. ‘मी’ कोण हे बोलणाऱ्यावरून ठरते. ‘रिक्वेस्ट’ कोणती हे कशावरून ठरवावयाचे, हा खरा प्रश्न.

आरंभी ते थ्रेडवरून, म्हणजे सर्व्हरातील स्वतंत्र कार्यप्रवाहावरून, ठरवले जाई. जावा भाषेत १९९८ पासून त्यासाठी ‘थ्रेडलोकल’ची सोय आहे. परंतु थ्रेड हा डबा आहे, माल नव्हे. तोच थ्रेड पुढील विनंतीस दिला जातो. जुनी माहिती पुसली नाही तर दुसरा प्रमाद घडतो. काम मध्येच दुसऱ्या थ्रेडकडे गेले तर पहिला घडतो. एकाच थ्रेडवर अनेक विनंत्या आळीपाळीने चालू लागल्यावर तर हा आधारच निखळला. पायथनच्या ३.७ आवृत्तीत (२०१८) आलेल्या ‘कॉन्टेक्स्टव्हार्स’ने खूण थ्रेडवरून काढून कामावर बांधली, नवे असिंक्रोनस काम सुरू होताना त्यास चालू संदर्भाची प्रत मिळते. फ्लास्कनेही २.२ आवृत्तीत (२०२२) याच सोयीचा थेट अवलंब केला. तथापि ही प्रत वरवरची असते. संदर्भात एखादी यादी ठेवली असेल, तर दोन्ही प्रती त्याच एका यादीकडे बोट दाखवतात.

या प्रमादाचे मोल किती, हे २०२१ साली गिटहबच्या प्रकरणात दिसून आले. वेग वाढावा म्हणून काही काम तेथे पार्श्वभूमीवरील थ्रेडकडे सोपवले होते. सर्व्हर मात्र प्रत्येक विनंतीसाठी नवी माहिती-पेटी न घेता जुनीच रिकामी करून वापरत असे, आणि त्या पेटीचा धागा पार्श्वभूमीवरील थ्रेडच्या हाती राहून गेला होता. परिणामी क्वचित प्रसंगी एका व्यक्तीचे प्रवेशपत्र दुसरीस मिळाले. असे प्रसंग ०.००१ टक्क्याहूनही कमी होते; तरीही ८ मार्च रोजी सर्वांनाच बाहेर काढून पुन्हा प्रवेश करावयास लावणे भाग पडले. उपायांपैकी एक होता प्रत्येक विनंतीस नवी पेटी देण्याचा.

यावरून काही नियम निष्पन्न होतात. विनंतीच्या आरंभी अवस्था निर्माण करावी आणि शेवट यशाने होवो वा अपयशाने, ती निश्चितपणे काढून टाकावी. संदर्भात अत्यावश्यक तेवढेच ठेवावे. शक्यतो न पालटणारी मूल्ये ठेवावीत. उत्तर दिल्यानंतर चालू राहणाऱ्या कामास ‘चालू विनंती’ हे नाव देऊ नये. वापरकर्त्याचा क्रमांक व भाषा अशी ठोस मूल्ये द्यावीत. ‘मी उद्या येतो’ असे बिननावाच्या, बिनतारखेच्या चिठ्ठीवर लिहिले, तर वाचणाऱ्यास ‘मी’ही कळत नाही आणि ‘उद्या’ही, तसेच हे आहे.

अखेरचा नियम परीक्षणाचा. एकच माणूस एकापाठोपाठ एक विनंत्या करून पाहतो तेव्हा सामाईक चलाचा सदोष कार्यक्रमही बहुधा निर्दोष भासतो. म्हणून दोन भिन्न व्यक्तींच्या विनंत्या एकाच वेळी सोडाव्यात, पहिली मध्येच मुद्दाम थांबवून दुसरी पुरी होऊ द्यावी, आणि मग पहिलीस मिळालेले उत्तर तिचेच आहे की नाही हे पाहावे.