टायरचा दाब आणि पिवळा दिवा

पवनारहून निघून येळाकेळीपाशी समृद्धी महामार्गात दाखल होणाऱ्या मोटारीस ताशी 120 किलोमीटरची मुभा असली, तरी वैशाखात तापलेल्या काँक्रीटवर तो वेग अखंड राखताना टायरमधील हवेचा दाब तापमानाच्या दर 6 अंश सेल्सिअस वाढीमागे सुमारे 1 पीएसआयने चढतो. दाराच्या चौकटीवर छापलेला आकडा मात्र थंड टायरचा असतो. शर्यतीच्या ट्रॅकवर स्पोर्ट्‌स कार हाकणारे हा चढ आधीच हिशेबात धरून थंड टायरमध्ये हवा मुद्दाम कमी ठेवतात, आणि परिणामी आरंभीच्या फेऱ्यांत दाबाचा पिवळा दिवा लागला तरी टायर तापेपर्यंत ते त्याची फारशी तमा बाळगीत नाहीत. महामार्गावर हे अनुकरण सर्वथा त्याज्य होय. कारण कमी हवेच्या टायरची बाजू अधिक लवते, लवण्याने तापते आणि अखेर फुटते. उलटपक्षी, वाटेत थांबून गरम टायरमधील हवा सोडण्याची तजवीजही तितकीच घातक, कारण टायर निवताच दाब मर्यादेखाली उतरतो. दाबमापक स्वतःचा असावा (मोटारीतील संगीतावर हजारो उधळणाऱ्यांस तो जड का वाटावा, हे आम्हांस न उमगलेले कोडे आहे), आणि पहाटे निघण्यापूर्वी त्याने स्टेपनीसकट पाचही टायर तपासावेत.