डोक्याचा फोटो केव्हा काढावा?

आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारी मीच पहिली. त्यामुळे औषधाच्या चिठ्ठ्या वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे. गल्लीतले एखादे पोर ओट्यावरून पडले की बायका मलाच विचारतात, ‘ताई, डोक्याचा फोटो काढावा का गं?’ मी तर शिकते मराठी वाङ्मय! तरी वाचून जे समजले, ते वाचकांपुढे ठेवते.

हा फोटो म्हणजे सी. टी. स्कॅन. १९७१ साली लंडनमध्ये प्रथम एका रुग्णाचे डोके या यंत्राने तपासले गेले. चहूबाजूंनी क्ष-किरण सोडून संगणक मेंदूचे आडवे काप दाखवितो. कवटीतला रक्तस्राव त्यात दिसतो. मग पडलेल्या प्रत्येक मुलाचा का काढू नये? आमच्यासारख्यांना पहिली अडचण पैशाची. ती सोडली तरी दुसरी उरतेच. लहानपणी घेतलेल्या या किरणांमुळे पुढे रक्ताचा व मेंदूचा कर्करोग होण्याचा धोका किंचित वाढतो, असे २०१२ च्या ब्रिटिश पाहणीत दिसले.

अमेरिकेत नेथन कुपरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ रुग्णालयांतील ४२,४१२ मुलांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध केली. सारी मुले पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण शुद्धीवर होती. शंभरातील सुमारे ३५ जणांचा स्कॅन झाला. मेंदूची गंभीर इजा निघाली अवघ्या ३७६ जणांत, शस्त्रक्रिया लागली ६० जणांना.

त्यावरून डॉक्टरांसाठी काही प्रश्न ठरले. दोन वर्षांवरील मूल नीट भानावर आहे ना? शुद्ध हरपली होती का? उलटी झाली? डोके असह्य दुखते? कानामागे काळेनिळे, नाकाकानातून पाणी, अशी कवटीच्या तळाचे हाड मोडल्याची खूण? पाच फुटांहून उंचावरून पडले, की वाहनाची जोरदार धडक बसली? यांतले काहीच नसेल, तर गंभीर इजेची शक्यता दोन हजारांत एकाहूनही कमी, स्कॅन नको. भान नीट नसेल किंवा हाड मोडल्याची खूण असेल, तर करावाच. मधल्या मुलांना बहुधा चार-सहा तास नजरेखाली ठेवतात. बिघडू लागले तर स्कॅन. ‘डॉक्टरांनी नुसते बसवून ठेवले’ अशी कुरकुर मी ऐकली आहे. पण हे बसवून ठेवणे हीसुद्धा तपासणीच.

दोन वर्षांखालच्या बाळाला सांगता येत नाही, म्हणून त्याचे प्रश्न वेगळे. कपाळावरच्या टेंगळाचे एवढे भय नाही; डोक्याच्या बाजूला किंवा मागे सूज असेल तर मात्र ती मोजायची. तीन फुटांहून उंचावरून पडणेही त्याला मोठे. आणि एक प्रश्न मला फार आवडला: बाळाचे वागणे आईबापांना नेहमीसारखे वाटते का? म्हणजे अंगठा उठविणाऱ्या आईचे म्हणणेही या नियमात धरले जाते! आमच्याकडे बायका डॉक्टरांपुढे पदर सावरीत गप्प उभ्या राहतात. ‘हे आज नेहमीसारखं नाही हो’ एवढे तरी त्यांनी सांगावे.

घरी परतल्यावर मुलाला पुन:पुन्हा उलट्या झाल्या, झटका आला, डोकेदुखी वाढत गेली, किंवा हलवूनही जाग येईना, तर सकाळची वाट न पाहता त्याला परत न्यावे.