कोणी कोणाशी खेळावे?

लालबाग-परळच्या एखाद्या मैदानात रात्री दिव्यांच्या उजेडात कबड्डीचा सामना रंगतो, तेव्हा बघ्यांचे सारे लक्ष चढाई करणाऱ्याकडे असते. पण त्याच वेळी मांडवाच्या कोपऱ्यात, टेबलापाशी, दुसराच एक सामना चाललेला असतो. तिथे वजनकाटा असतो, खेळाडूंची यादी असते, जन्मतारखेचे दाखले असतात, आणि दोन संघांचे व्यवस्थापक एकमेकांच्या यादीकडे तिरप्या नजरेने पाहत असतात. ‘‘हा कुमार गटातला? याला मिशा फुटून पाच वर्षं झाली की हो!’’ असा आवाज कानी आला की समजावे, पात्रतेचा वाद उभा राहिला. श्रोतेहो, आज मी या टेबलापाशी चालणाऱ्या सामन्याविषयी आपल्याशी बोलणार आहे.

पूर्वी हुतूतू खेळताना हा प्रश्न कुणाला पडत नसे. दोन पुढारी उभे राहत, आळीपाळीने गडी मागून घेत, आणि तू जाड्या तर मी चपळ, असा हिशेब नजरेनेच होई. संजीवनी, गामिनी, अमर असे खेळाचे प्रकारही ठिकठिकाणी वेगळे. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियमबद्ध स्पर्धा भरवल्या आणि पुढे बुवा साळवींसारख्या माणसांनी हा खेळ देशभर नेला. ज्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात, ते हे बुवा. खेळ मोठा झाला, ओळखदेख संपली, आणि नजरेच्या जागी काटा आला.

हा काटा काय सांगतो? पुरुषांसाठी ८५ किलो, महिलांसाठी ७५. पुरुषांची मर्यादा पूर्वी ८० किलो होती. कुमार गटाला वयाची मर्यादा २० वर्षे आणि वजनाची ७० किलो. याहून लहान तो किशोर गट, त्याची वयोमर्यादा १६ वर्षे. वजनाचे हे बंधन उगाच नव्हे. कोपरारक्षकाने चढाईवाल्याचा घोटा पकडला तरी त्याला मध्यरेषेपलीकडे जाऊ न देण्याचे काम शेवटी अंगाच्या भाराने होते. पंचावन्न किलोच्या पोराने पंच्याऐंशीच्या गड्याला थोपवावे, ही अपेक्षा ऐकायला शौर्याची वाटते. प्रत्यक्षात ती गुडघा मोडण्याची वाट आहे.

पण काट्यावर मात करण्याच्या युक्त्याही पोरांना ठाऊक असतात. वजनाच्या आदल्या दिवशी उपास, पाणी बंद, दुपारच्या उन्हात जाड स्वेटर घालून धावणे, आणि वजन झाले रे झाले की तांब्याभर पाणी नि चार वडापाव. म्हणजे काट्यावर सत्तर आणि मैदानात त्र्याहत्तर! यात हसण्यासारखे काही नाही. अमेरिकेत १९९७ साली महाविद्यालयीन कुस्तीतले तीन मल्ल अवघ्या काही आठवड्यांत अशाच पाणी तोडण्यापायी दगावले, तेव्हा तिथल्या मंडळींनी वजन कुस्तीच्या अगदी आधी घेण्याचा आणि अंगातल्या पाण्याची तपासणी करण्याचा नियम केला. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपली विनेश फोगाट शंभर ग्रॅमांनी अंतिम कुस्तीला मुकली, हे कोण विसरेल? पुष्कळांनी त्या वेळी नियमाला शिव्या दिल्या. माझ्या मते शंभर ग्रॅम म्हणजे शंभर ग्रॅमच. विचार करायचा तो त्या शंभर ग्रॅमांसाठी शरीराचे आदल्या रात्री काय केले जाते याचा. आपल्या स्थानिक स्पर्धांत वजन प्रत्येक सामन्याच्या घटकाभर आधी, दोन्ही संघांसमोर घेतले, तर पाणी तोडून कुणाचा फायदा होणार नाही. तहानलेला गडी पहिल्याच चढाईत दम सोडील.

मोटारसायकलच्या शर्यतीत हीच गोष्ट उलटी आहे. तिथे हलका स्वार फायद्यात. म्हणून मोटो-३ या जागतिक गटात स्वार आणि गाडी मिळून किमान १५२ किलो भरले पाहिजेत, असा नियम केला. गाड्यांची विभागणी म्हणाल तर इंजिनाच्या सीसीवरून. पण चिखलमातीच्या मोटोक्रॉस शर्यतीत १२५ सीसीची टू-स्ट्रोक गाडी २५० सीसीच्या फोर-स्ट्रोकबरोबर एकाच गटात धावते. का? टू-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला ताकद देते, फोर-स्ट्रोक दर दोन फेऱ्यांना. आकडा सारखा असला म्हणून जोर सारखा असत नाही, हे त्या लोकांनी ओळखले. आपल्याकडे वयाच्या आकड्याबाबत नेमके हेच ओळखावे लागते.

वयाचा दाखला हा मोठा विलक्षण कागद आहे. आपल्या वडील पिढीतल्या कितीतरी जणांचा जन्म १ जूनचा, कारण मास्तरांनी शाळेत नाव घालताना तीच तारीख टाकली! आता जन्मनोंदी पुष्कळ सुधारल्या आहेत, तरी कुमार गटात दोन वर्षे जास्त खेळायला मिळावे म्हणून तारीख सरकवणारे पालक आणि त्याकडे कानाडोळा करणारे क्लब नाहीत असे नव्हे. केंद्र सरकारने २०१० साली वयचोरीविरुद्ध संहिता काढली. क्रिकेटमध्ये मनगटाच्या हाडाचे क्ष-किरण छायाचित्र पाहून वय ठरवतात. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २००९ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात मनगटाचे एमआरआय केले. पण हाड काही जन्मदाखला नव्हे. कुणाचे लवकर भरते, कुणाचे उशिरा. वर्षभराचा तरी फरक सहज पडतो. प्रामाणिक मुलगा केवळ हाडामुळे बाद व्हावा, हा अन्याय चोरी सुटण्याहून लहान म्हणता येणार नाही.

आणि हे सारे कशासाठी? एका चषकासाठी असते तर मी आपला वेळ घेतला नसता. कबड्डी संघटनेच्या नावात ‘हौशी’ हा शब्द आहे, पण परळच्या पोराला विचारा. जिल्ह्याच्या संघात निवड, मग राज्य, मग राष्ट्रीय स्पर्धा, आणि त्या प्रमाणपत्रावर नोकरी, अशी ही शिडी आहे. महाराष्ट्र शासनाने २००५ साली खेळाडूंसाठी नोकरीत पाच टक्के जागा राखल्या. त्याशिवाय रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या यांनी वर्षानुवर्षे कबड्डीपटूंना कामाला घेतले. दोन खोल्यांच्या चाळीत जिथे मोठ्या भावाचा पगार हाच घराचा आधार, तिथे खोट्या तारखेने घेतलेली जागा म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी घरातला पगार.

आता राहता राहिला सर्वांत नाजूक प्रश्न: आपला कोण आणि बाहेरचा कोण? १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला. पुढे भोंगे थांबले, गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उठले आणि गिरणगावातली कुटुंबे डोंबिवली, विरार, बदलापूरकडे पांगली. त्यातच १९९० साली मुंबई शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे झाले, म्हणजे माहीमची खाडी ओलांडली की जिल्हा बदलला. पण मंडळे जागची हलली नाहीत. दादरचे अमर हिंद मंडळ १९४७ पासून आहे तिथेच आहे. आजोबा ज्या मंडळात खेळले तिथेच नातू संध्याकाळी लोकल धरून सरावाला येतो आणि शेवटच्या गाडीने परततो. शिधापत्रिकेवर पत्ता बदलापूरचा, म्हणून त्याला बाहेरचा म्हणायचे? आणि दुसरीकडे एखादा तगडा गडी स्पर्धेच्या आठ दिवसांपुरता परजिल्ह्यातून आणायचा, त्याच्या राहण्याजेवणाची सोय करायची, मुंबईतला एक पत्ता कागदावर लिहायचा, की तो झाला आपला! केवळ पत्ता बघणारा नियम पहिल्याला अडवतो आणि दुसऱ्याला सोडतो. माझे मत असे, की पत्त्यापेक्षा मंडळाची सरावाची वही अधिक बोलते. हंगाम सुरू होण्यापूर्वी नाव नोंदलेले असावे आणि वहीत महिन्यामहिन्याच्या हजेऱ्या असाव्यात. वही खोटी लिहिता येते, हे खरे. पण शेजारच्या मंडळाच्या पोरांना कोण सरावाला येतो नि कोण येत नाही, हे वहीवाचूनही ठाऊक असते.

श्रेणीचा वाद त्यामानाने सोपा. २६ जुलै २०१४ ला वरळीत व्यावसायिक लीगचा पहिला सामना झाला आणि गल्लीतला गडी दूरचित्रवाणीवर दिसू लागला. अशा करारबद्ध खेळाडूने सुटीच्या दिवसांत जुन्या मंडळातून द्वितीय श्रेणीत उतरावे, हे मला पटत नाही. मोटारसायकलवाले नवख्यांच्या गटात जिंकणाऱ्याला वरच्या गटात ढकलतात, ते योग्यच करतात. परंतु प्रथम श्रेणीत मात्र त्याला जरूर खेळू द्यावे. दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या गड्याचा घोटा एकदा तरी आपल्या हाती लागावा, ही लालबागच्या पोराची इच्छा काही गैर नाही.

हरकतीविषयी एवढेच. सामना हरल्यावर घेतलेली हरकत ही बहुधा रागाची असते. संघांच्या याद्या, जन्मतारखा आणि श्रेणी यांसह, आदल्या संध्याकाळी मांडवाच्या फळ्यावर लावाव्यात, हरकत नाणेफेकीपूर्वी लेखी घ्यावी, तिची फी ठेवावी, आणि हरकत खरी ठरली तर ती फी तिथल्या तिथे परत द्यावी. फळ्याला लागणारा खडू चार आण्यांचाही नसतो.