रेणूंचा जमाखर्च : पीएच.डी.चे संशोधन आणि रुग्णाची खाट

मागील वार्षिक सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी प्रश्न विचारला होता : ‘‘रुग्णालयाचे काम रुग्ण बरे करण्याचे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना आपण रक्ताचे नमुने का उपलब्ध करून द्यावेत? त्यातून गरीब रुग्णाच्या पदरात काय पडते?’’ प्रश्न रास्त होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि आपल्या डॉक्टरांकडून समजून घेऊन, सर्वांच्या परिचयाच्या एका गोळीच्या उदाहरणाने उत्तर देण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

ती गोळी म्हणजे पॅरासिटामॉल. योग्य मात्रेत ती सुरक्षित आहे. निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी चोवीस तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ही कमाल मर्यादा मानली जाते. मात्र एकाच वेळी पुष्कळ गोळ्या घेतलेल्या रुग्णांचे यकृत निकामी झाल्याच्या नोंदी १९६६ साली ब्रिटनमधील डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या. तापावरचे साधे औषध विष कसे ठरते, हे तेव्हा कोणासही सांगता येत नव्हते.

या कोड्याची उकल अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रयोगशाळेत झाली. तेथील संशोधकांनी उंदरांवर केलेले प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाले. त्यांचा निष्कर्ष मला माझ्या भाषेत, म्हणजे जमाखर्चाच्या भाषेत, चटकन उमगला.

यकृत बहुतांश पॅरासिटामॉल निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकते. अल्पसा भाग मात्र एका विषारी रेणूत रूपांतरित होतो. त्याची परतफेड करण्यासाठी यकृतात ग्लुटाथायोन नावाच्या रेणूची शिल्लक असते. नेहमीच्या मात्रेत ही शिल्लक सहज पुरते व पुन्हा भरूनही निघते. मात्रा अतिरेकी झाली की खर्च जमेपेक्षा वाढतो, शिल्लक संपत येते, आणि उरलेला विषारी रेणू यकृताच्या पेशींतील प्रथिनांनाच चिकटतो. पेशी मरू लागतात. उपासमार व दीर्घकाळचे मद्यपान यांमुळे ज्यांची शिल्लक आधीच खालावलेली असते, त्यांना धोका अधिक.

एकदा तूट कोठे आहे हे कळले, की भरणा कोठे करावयाचा हेही कळते. ग्लुटाथायोन तयार होण्यास सिस्टीन हे अमिनो आम्ल लागते. कफ पातळ करण्यासाठी वापरात असलेले अ‍ॅसिटिलसिस्टीन हे औषध शरीराला नेमके तेच पुरवते. एडिंबरो येथील डॉ. लॉरी प्रेस्कॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते शिरेवाटे देऊन रुग्ण वाचविता येतात हे दाखविले. आजही जगभर हाच उतारा वापरला जातो. रेणूंच्या पातळीवरील कारण समजले नसते, तर कफाचे औषध यकृत वाचवील असे कोणाच्या ध्यानीमनीही आले नसते.

पीएच.डी.चा विद्यार्थी अशाच एखाद्या साखळीतील एक दुवा शोधत असतो. एकच औषध एकाला मानवते व दुसऱ्याला बाधते, ते कोणत्या प्रथिनामुळे, एवढ्या एका प्रश्नासाठी तो तीन वर्षांहून अधिक काळ खर्ची घालतो. प्रत्येक प्रबंधातून औषध निघत नाही. पुष्कळदा ‘कारण हे नव्हे’ एवढेच सिद्ध होते. परंतु खतावणीतील चुकीची नोंद खोडल्याखेरीज ताळा जुळत नाही, हे आम्हा हिशेबनिसांना ठाऊक आहे.

आपल्या रुग्णालयाचा यातील वाटा खारीचा आहे. तपासणीनंतर उरलेले नमुनेच दिले जातात. त्यासाठी रुग्णाची लेखी संमती व नैतिकता समितीची मान्यता घेतली जाते, आणि रुग्णाचे नाव कळविले जात नाही. नकार देणाऱ्या रुग्णाच्या उपचारांत काडीचाही फरक पडत नाही. निर्धन रुग्ण निधीतील एक रुपयाही या कामी वापरला जात नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांस मात्र एक कळकळीची विनंती. अधिक गोळ्या घेतल्यावर पहिल्या दिवशी केवळ मळमळ होते, कधी तेवढेही होत नाही. कावीळ मागाहून दिसते. त्यामुळे ‘बरे वाटते आहे’ म्हणून घरी थांबू नये. उतारा साधारण आठ तासांच्या आत मिळाल्यास सर्वाधिक गुणकारी ठरतो. उशीर झाला असला तरीही रुग्णास अवश्य आणावे. गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत आणावीत, घेतल्याची वेळ सांगावी. सर्दी-तापाच्या अनेक मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असते, हेही ध्यानात ठेवावे. लाजेपोटी काही लपवू नये. येथे कोणी दोष देणार नाही.

त्या ज्येष्ठ देणगीदारांना माझे उत्तर एवढेच : आठ तासांची ही मुदत आज आपण नातेवाइकांना सांगू शकतो, कारण कधीकाळी कोणीतरी रुग्णालयापासून दूर, प्रयोगशाळेत बसून हा हिशेब तपासला होता. ते ऋण अंशतः फेडण्याचा हा मार्ग आहे.