फोनचं अपडेट का टाळू नये: गैरसमज आणि वस्तुस्थिती

'सिस्टीम अपडेट उपलब्ध आहे' अशी सूचना फोनवर आली की बरेच जण ती बोटाने बाजूला सारतात. फोन चांगला चाललाय, मग कशाला हात लावायचा? फोटो गेले तर? फोन बंदच पडला तर? या शंकांपैकी काहींना जुना आधारही आहे. पण अपडेट टाळल्याने होणारं नुकसान त्याहून मोठं असल्यामुळे एकेक शंका नीट तपासून घ्यायला हवी.

गैरसमज : ऑटोमॅटिक अपडेट चालू आहे, म्हणजे मला काहीच करायचं नाही.

वस्तुस्थिती : अपडेटचे तीन टप्पे असतात: डाउनलोड, इन्स्टॉल आणि रीस्टार्ट. अनेक अँड्रॉइड फोन पहिले दोन टप्पे आपले आपण उरकतात, पण नवी आवृत्ती सुरू होते ती रीस्टार्टनंतरच. तोवर अपडेट तयार होऊन नुसतं पडून राहतं. आयफोनवर ऑटोमॅटिक अपडेट चालू ठेवलं, तर हे काम रात्री, फोन चार्जिंगला आणि वाय-फायवर असताना होतं. अँड्रॉइडच्या 'डेव्हलपर ऑप्शन्स'मध्ये 'ऑटोमॅटिक सिस्टीम अपडेट्स' नावाचं एक बटण असतं. ते बंद केलं की अपडेट येणंच थांबतं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या बटणाखालीच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की ते रीस्टार्टच्या वेळी अपडेट लागू करण्यापुरतं आहे.

गैरसमज : मध्येच चार्जिंग संपलं, तर फोन कायमचा बाद.

वस्तुस्थिती : पूर्वी ही भीती खरी होती. चालू सिस्टीमवरच नवी सिस्टीम लिहिली जायची; मध्ये खंड पडला तर ना जुनी धड, ना नवी. 2016 च्या अँड्रॉइड 7 बरोबर गूगलने वेगळी पद्धत आणली. स्टोरेजमध्ये सिस्टीमसाठी 'ए' आणि 'बी' असे दोन कप्पे केले. फोन 'ए'वर चालू असताना नवी सिस्टीम 'बी'मध्ये लिहिली जाते. एका खोलीत राहता राहता शेजारची खोली रंगवून घ्यावी तसं. रीस्टार्टनंतर फोन 'बी'वरून सुरू होतो, आणि 'बी' नीट चालला नाही तर आपणहून 'ए'वर परततो.

सगळ्या कंपन्यांनी ही पद्धत लगेच उचलली नाही. तुमचा अँड्रॉइड फोन रीस्टार्टनंतर टक्के दाखवत बराच वेळ थांबत असेल, तर तो जुन्या पद्धतीचा समजा. अशा फोनला पुरेसं चार्जिंग असतानाच अपडेट करा आणि मध्येच बटण दाबू नका.

गैरसमज : अपडेट केलं की फोटो आणि नंबर उडतात.

वस्तुस्थिती : सिस्टीम आणि तुमची माहिती फोनमध्ये वेगवेगळ्या विभागांत असते. नेहमीचं अपडेट सिस्टीमचा विभाग बदलतं. फोटो, नंबर, चॅट जागच्या जागी राहतात. माहिती पुसली जाते ती फॅक्टरी रीसेट केल्यावर. तरीही बॅकअप नेहमी असावाच, कारण फोन हरवतो, चोरीला जातो, पाण्यात पडतो.

गैरसमज : जुना फोन मुद्दाम संथ करण्यासाठीच कंपन्या अपडेट पाठवतात.

वस्तुस्थिती : यामागे एक खरी घटना आहे. जानेवारी 2017 मध्ये आलेल्या आयओएस 10.2.1 ने बॅटरी क्षीण झालेल्या काही आयफोनचा वेग कमी केला. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसं केलं, असं ॲपलने सांगितलं. पण ते त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये, बोभाटा झाल्यावर. कंपनीने माफी मागितली, अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर 79 वरून 29 डॉलरवर आणला. ग्राहकांना न कळवल्याबद्दल फ्रान्समध्ये 2020 साली तिला अडीच कोटी युरोंचा दंडही झाला. लपवाछपवी चूकच होती. पण त्यावरून प्रत्येक अपडेट फोन बिघडवण्यासाठी असतं, असं ठरत नाही. अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते, कारण ॲप्स नव्या सिस्टीमशी जुळवण्याचं आणि फोटोंची सूची नव्याने करण्याचं काम आत चालू असतं. ते आटोपलं की फोन बहुधा पूर्ववत होतो.

गैरसमज : मी कुठल्याच लिंकवर बोट ठेवत नाही, मला सुरक्षा अपडेटची गरज नाही.

वस्तुस्थिती : जुलै 2015 मध्ये अँड्रॉइडमधली 'स्टेजफ्राइट' ही त्रुटी जाहीर झाली. खास तयार केलेला एक एमएमएस फोनवर येऊन पडला की पुरे, तो उघडण्याचीही गरज नव्हती. त्यानंतर ऑगस्ट 2015 पासून गूगलने दरमहा सुरक्षा अपडेट द्यायला सुरुवात केली. सप्टेंबर 2023 मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबला आयफोनमध्येही अशीच वाट सापडली. कुठेही न दाबता तिथून 'पेगासस' हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर आत शिरत होतं. ॲपलने 7 सप्टेंबरला आयओएस 16.6.1 काढून ती वाट बंद केली. दोन्ही बाबतींत फोन वापरणाऱ्याने काही चूक करण्याची गरजच नव्हती.

उशीर महागात पडतो तो इथे. दुरुस्ती बाहेर पडली की ती हल्लेखोरांनाही मिळते. जुनी आणि नवी सिस्टीम ताडून, कुठे काय बदललं ते पाहून, त्रुटी नेमकी कुठे होती हे त्यांना शोधता येतं. म्हणजे अपडेट निघाल्यावर, ते न घेतलेला फोन आदल्या दिवसापेक्षा जास्त धोक्यात असतो. 'उद्या बघू' म्हणताना हे ध्यानात ठेवायला हवं.

गैरसमज : शेजाऱ्याला अपडेट आलं, मला नाही, म्हणजे माझा फोन बिघडलाय.

वस्तुस्थिती : कंपन्या अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतात. सप्टेंबर 2014 मध्ये आयओएस 8.0.1 मुळे आयफोन 6 चं नेटवर्कच जाऊ लागलं आणि ॲपलला ते तासाभरात मागे घ्यावं लागलं. आधी थोड्या फोनवर पाहून घेतलं, तर अशी चूक लवकर पकडता येते.

गैरसमज : अपडेटची लिंक मेसेजवरही येते.

वस्तुस्थिती : सिस्टीम अपडेट घ्यायचं ते फोनच्या सेटिंग्जमधूनच. त्यावर कंपनीची डिजिटल सही असते आणि ती जुळली नाही, तर फोन ते नाकारतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीके फाइलला, म्हणजे ॲप इन्स्टॉल करणाऱ्या फाइलला, ही चाचणी लागत नाही; तिथे तुम्ही दिलेली परवानगीच पुरते. बँकेची केवायसी, आरटीओचं ई-चलन अशा नावांनी येणाऱ्या फाइल्समधून ओटीपी चोरून खाती रिकामी केली जातात. त्या इन्स्टॉल करूच नका.

आता आपला फोन तपासा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी अपडेट'ची तारीख दिसते. ती कित्येक महिन्यांपूर्वीची असेल, तर अपडेट शोधा, घ्या आणि फोन रीस्टार्ट करा. घरातल्या मोठ्यांचे फोनही बघून द्या. कंपनीने अपडेट देणं थांबवलेल्या फोनवर बँक आणि यूपीआयचे व्यवहार शक्यतो करू नका. पिक्सेल 8 आणि गॅलेक्सी एस24 पासून गूगल आणि सॅमसंगने अशा वरच्या किमतीच्या फोनना 7 वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं आहे; स्वस्त फोनना ही मुदत अनेकदा बरीच कमी असते. त्यामुळे दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे जसं विचारता, तसंच अपडेट किती वर्षं मिळणार हेही विचारा.