सहा घोडे आणि एक माणूस
जिवावरचा धंदा : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण मूकपटांच्या काळातल्या उड्या पाहिल्या. गच्चीवरून, आगगाडीच्या टपावरून, कड्यावरून. त्या मारणाऱ्यांकडे धाडस उदंड होतं, पद्धत फारशी नव्हती. या धंद्याला पद्धत लावून देणाऱ्यांमध्ये मी सर्वांत आधी नाव घेईन ते याकिमा कनट या अमेरिकन घोडेस्वाराचं.

जॉन फोर्डचा 'स्टेजकोच' १९३९ साली आला. कोरड्या पडलेल्या तळ्याच्या सपाट मैदानातून सहा घोड्यांची प्रवासी गाडी भरधाव निघाली आहे आणि अपाची योद्धे तिच्या मागे लागले आहेत. त्यांतला एक जण आपल्या घोड्यावरून थेट गाडीच्या सर्वांत पुढच्या जोडीवर झेप घेतो. वरून जॉन वेन गोळी झाडतो. योद्धा दोन घोड्यांच्या मध्ये खाली घसरतो, दांडी धरून पाठीवर फरफटत जातो आणि आणखी एक गोळी लागल्यावर हात सोडतो. मागच्या दोन जोड्या आणि त्यांच्यामागून अख्खी गाडी त्याच्यावरून निघून जाते. धूळ जरा खाली बसते तेव्हा तो कुशीवर वळून उठायची धडपड करताना दिसतो. ही धडपड फार मोलाची आहे. ती नसती, तर गाडीखाली बाहुला टाकला होता असं कुणीही म्हटलं असतं.

तो योद्धा म्हणजे कनट. या कामात कोणत्या गोष्टीला किती महत्त्व होतं, हे त्याने पुढे सविस्तर सांगितलं. आपल्याला वाटेल, घोडे जरा हळू पळवले असते तर धोका कमी झाला असता. कनटचं म्हणणं नेमकं उलट. घोडा पूर्ण वेगात असला की सरळ रेषेत पळतो. वेग कमी झाला की तो इकडेतिकडे सरकायला लागतो, आणि खाली माणूस असताना तेच जिवावर बेततं. म्हणून गाडी दौडतच हवी. हात सोडल्यावर ते छाती-पोटावर आणून कोपरं अंगाला घट्ट चिकटवायची, नाहीतर गाडीच्या पुढच्या आसाचा तडाखा कोपरांना बसणार. पाय जुळलेले आणि ताठ. एवढं सगळं, पाठीखाली जमीन सरकत असताना, न चुकता करायचं.

याच पाठलागात पुढे लगाम हातचे सुटतात आणि नायक घोड्यांच्या पाठींवरून उड्या टाकत पुढच्या जोडीपर्यंत जातो. वेनच्या जागी तिथेही कनटच आहे. म्हणजे गोळी खाणाराही तोच आणि गोळी झाडणाऱ्याचा डुप्लिकेटही तोच.

१८९५ साली वॉशिंग्टन राज्यात जन्मलेला हा माणूस सिनेमात आला तो रोडिओच्या मैदानातून. उधळलेल्या घोड्यावर टिकून राहण्याच्या या स्पर्धांमध्ये त्याने पेंडलटनची मानाची अजिंक्यपदं मिळवली होती. तिथे रोजचं पडणं असतं, आणि पडताना कुठला सांधा सैल सोडायचा, कुठला आखडून धरायचा हे शरीर आपोआप शिकतं. विसाच्या दशकात तो मूकपटांचा नायकही झाला. पण फ्लूच्या आजारात त्याचा आवाज बिघडलेला होता. बोलपट आले आणि नायकाची खुर्ची गेली. मग त्याने इतरांच्या वतीने पडण्याचं काम पत्करलं. ही त्याची पीछेहाट होती असं मला मुळीच वाटत नाही. नायक म्हणून तो विसरला गेला असता.

१९३२च्या सुमारास त्याची गाठ जॉन वेन या तरुण नटाशी पडली आणि पडद्यावरच्या मारामारीचं रूप पालटलं. तोवर नट एकमेकांच्या खांद्यावर, दंडावर खरेच ठोसे मारत. ते लागायचे आणि शिवाय खोटे दिसायचे. या दोघांनी कॅमेऱ्याची जागा आधी ठरवली. मारणाऱ्याची मूठ समोरच्याच्या जबड्यासमोरून काही इंच अंतरावरून निघून जाते, कॅमेरा अशा कोनात असतो की ते अंतर दिसतच नाही, आणि मार खाणारा त्याच क्षणी मान झटकतो. ठोसा मारणाऱ्यापेक्षा तो खाणाऱ्याचं टायमिंग महत्त्वाचं. आजही हिंदी-मराठी मालिकांच्या सेटवर फाइट मास्टर नवख्या नटाला पहिल्या दिवशी शिकवतो ती हीच गोष्ट.

घोड्यावरून पडताना रिकिबीत पाय अडकला तर माणूस फरफटत जातो. कनटने एका बाजूने उघडी, इंग्रजी एल अक्षरासारखी रिकीब वापरात आणली. पाय अलगद निसटतो. अशी साधनं त्याने बरीच केली. पण त्याच्या नावाशी जोडलेलं एक तंत्र मला खुपतं. घोड्याच्या पुढच्या पायांना तारा बांधायच्या, त्यांचं दुसरं टोक जमिनीत रोवायचं. तार ताणली गेली की भरधाव घोडा कोलमडतो. आपल्या हातून यात एकही घोडा जायबंदी झाला नाही, असा कनटचा दावा होता. त्याच्यावर विश्वास ठेवला तरी त्याचा हात प्रत्येकाकडे नव्हता. १९३६च्या 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड'मध्ये अशा तारांनी कितीतरी घोडे मेले. १९३९च्या 'जेसी जेम्स'मध्ये कड्यावरून पाण्यात ढकललेला घोडा मेल्यावर लोक संतापले आणि १९४० पासून सेटवर प्राणिमित्र संस्थेची देखरेख आली. मग घोड्यांना भुसभुशीत केलेल्या जमिनीवर इशाऱ्यासरशी आडवं व्हायला शिकवलं जाऊ लागलं. हे आधीही करता आलं असतं. वेळ आणि पैसा वाचवायचा होता, म्हणून केलं नाही.

चाळिशीत या धंद्याचा खरा प्रश्न समोर येतो. १९४० साली क्लार्क गेबलच्या जागी काम करताना घोडा अंगावर पडून कनटला पोटात गंभीर दुखापत झाली. पुढे काही वर्षांत दोन्ही घोटे मोडले. स्टंटमनचं भांडवल म्हणजे शरीर, आणि ते असं हप्त्याहप्त्याने संपतं. कनटने वेळीच ओळखलं की शरीर जे शिकलं आहे ते आता डोक्याने, दुसऱ्यांकडून करून घ्यायला हवं. तो साहसदृश्यांचा दिग्दर्शक झाला.

१९५९च्या 'बेन-हर'मधली रथांची शर्यत हे त्या दुसऱ्या कारकिर्दीचं फळ. रोमजवळच्या चिनेचित्ता स्टुडिओत अठरा एकरांचं रिंगण उभारलं होतं. नऊ रथ, प्रत्येकाला शेजारीशेजारी जुंपलेले चार घोडे. कनटने सारथ्यांना आणि चार्ल्टन हेस्टन, स्टीफन बॉइड या नटांना आठवडेच्या आठवडे हाकायला शिकवलं. चिरडलेली दिसणारी माणसं म्हणजे हुबेहूब बाहुले होते. या शर्यतीत माणूस मेला अशी दंतकथा अजून फिरते. ती खोटी आहे.

अपघात मात्र झाला, आणि तो कनटच्या पोटच्या पोराला. मोडलेल्या रथाच्या ढिगावरून रथ उडवायचा होता. हेस्टनच्या जागी हा मुलगा, जो कनट, होता. उडी अपेक्षेपेक्षा उंच गेली आणि तो रथाच्या पुढच्या कठड्यावरून घोड्यांच्या बाजूला फेकला गेला. कशीबशी पकड मिळवून तो सावरला. हनुवटीला चार टाके, बाकी काही नाही. ते दृश्य चित्रपटात तसंच आहे. हेस्टन पुन्हा रथात चढतानाचे क्षण नंतर घेऊन त्याला जोडले.

आपल्याकडचा 'शोले' याच परंपरेतला. आगगाडीवरचा दरोडा पनवेल-उरण परिसरात चित्रित झाला आणि त्याच्या साहसदृश्यांसाठी ब्रिटनमधून तंत्रज्ञ आणले होते. बसंतीच्या टांग्याच्या धावेत हेमामालिनीच्या जागी रेश्मा पठाण होत्या. टांगा उलटून त्या जखमीही झाल्या. मुंबईतल्या स्टंट कलाकाराची वाटही कनटसारखीच: आधी डुप्लिकेट, मग साहाय्यक, मग फाइट मास्टर. वीरू देवगण त्या वाटेने जाऊन १९९९ साली 'हिंदुस्तान की कसम'चे दिग्दर्शक झाले. पण फाइट मास्टरची खुर्ची एक आणि तिच्या मागे उभे असलेले पन्नास. उरलेल्यांचे गुडघे-घोटे गेल्यावर काय, याचं उत्तर आपल्या चित्रसृष्टीने अजून नीट दिलेलं नाही. ते द्यायला हवं.

कनटला १९६७च्या ऑस्कर सोहळ्यात मानद पुरस्कार मिळाला. स्टंट कलाकारांच्या सुरक्षेसाठी केलेल्या साधनांचा त्यात आवर्जून उल्लेख होता. नियमित विभाग मात्र नव्हता. दूरचित्रवाणीच्या एमी पुरस्कारांनी २००२ पासून स्टंट संयोजनाला जागा दिली. ऑस्करने हा निर्णय २०२५ मध्ये जाहीर केला आणि पहिला पुरस्कार २०२८ साली दिला जाणार आहे. कनट १९८६ मध्ये, नव्वदीत, गेला.

पुढच्या लेखांकात घोडे सोडून मोटारींकडे वळू. १९७४च्या 'मॅकक्यू'मध्ये गाडीच्या तळाशी तोफेसारखी नळी बसवून ती गाडी कशी उलथवली, हे पाहू.