संकेतस्थळ नोंदवायचं कुठं?

‘शेकडो सर्च इंजिनांत साइट नोंदवून देतो’ असं सांगून कोणी पैसे मागत असेल, तर देऊ नका. धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकी गावच्या शेळीपालकाला दोन ठिकाणं पुरतात आणि दोन्ही मोफत आहेत. पहिलं गूगल सर्च कन्सोल. तिथं साइटची मालकी सिद्ध करून साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्यायचा. दुसरं बिंग वेबमास्टर टूल्स. याहू आणि डकडकगो बरेचसे निकाल बिंगकडूनच घेतात. संकेतस्थळांच्या डिरेक्टरीत नाव घालण्याचा काळ सरला: याहूची डिरेक्टरी २०१४ मध्ये बंद झाली, डीमॉझ ही दुसरी २०१७ मध्ये. गिऱ्हाईक गोठ्यावर येत असेल, तर नकाशावर दिसण्यासाठी गूगल बिझनेस प्रोफाइल हवंच.

सर्वाधिक लक्ष नावाकडे द्या. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण शेळीची जात उस्मानाबादीच राहिली. शोधणारा यातलं कुठलंही नाव टाइप करू शकतो. म्हणून पत्त्यात ‘ढोकी, जि. धाराशिव (उस्मानाबाद)’ असं पूर्ण लिहा. तेही टंकलेल्या अक्षरांत. नुसता फ्लेक्सचा फोटो चढवून भागत नाही. नोंदणीनंतर पानं निकालात यायला काही दिवस, कधी आठवडेही लागतात. पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच सांगतं.